पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं परत चालू होण्यासाठी काय करायचं आणि काय नाही: पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी सविस्तर

पोटाचं कुठलंही ऑपरेशन असूदे, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी काढणं, सिझर, नाहीतर आतड्याचाच तुकडा काढून परत जोडलेला, राउंडला आलेले डॉक्टर पहिलं हेच विचारतात, "गॅस पास झाला का?" आणि आपल्याकडच्या बायका, खोलीत सासरे नाहीतर दीर उभे असले की, मान खाली घालून नुसतं "हो" म्हणून मोकळ्या होतात. झालेला नसतोच. मग त्या "हो"वर जेवण चालू होतं, संध्याकाळी पोट टम्म फुगतं, रात्री उलट्या. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, वारा सरला का, संडासला झालं का, हे विचारणं म्हणजे तुमच्या आतड्याचा रिपोर्ट घेणं आहे, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. आणि नातेवाइकांनी त्या वेळी दोन मिनिटं बाहेर जाऊन उभं राहायचं, एवढं तर कोणीही करू शकतं.

मी कोल्हापुरात सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. चंदगड, आजरा, गारगोटी, राधानगरी, पार कर्नाटकाच्या बाजूनं निपाणीकडून येणारे पेशंट, सगळ्यांच्या घरच्यांचे प्रश्न तेच आणि चुकीचे उपायही तेच. या सगळ्यातून मला एकच गोष्ट मनापासून सांगायचीय, आतडं जोर लावून चालू होत नाही. त्याला थांबवून धरणाऱ्या ज्या गोष्टी असतात त्या एकेक करून बाजूला केल्या की ते आपणहून चालू होतं. एरंडेल पाजून, पोट चोळून, गरम काढे देऊन त्याला ढकलायला गेलात तर उलट बिघडतं.

आतडं बंद का पडतं

ऑपरेशनमध्ये आतड्याला हात लागतो, सूज येते, शरीर घाबरल्यासारखं होऊन आतड्याच्या हालचालीवर ब्रेक लावतं. त्यात भूल, त्यात दुखण्याची जड औषधं. डॉक्टर याला पॅरालिटिक इलियस नाहीतर नुसतं इलियस म्हणतात. थोडाफार इलियस बहुतेकांना होतोच आणि तो आजार नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना सगळी यंत्रं एकदम फिरत नाहीत तसंच आहे हे, लहान आतडं साधारण २४ तासांच्या आत हलायला लागतं, जठराला २४ ते ४८ तास लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात उशिरा, ४८ ते ७२ तासांनी. म्हणून पोटात गुडगुड ऐकू आली म्हणजे सगळं चालू झालं असं नाही. गुडगुड लहान आतड्याची असू शकते. खरी खूण म्हणजे वारा सरणं, त्याच्या पुढची खूण म्हणजे खाल्लेलं उलटी न होता राहणं आणि संडास होणं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर लवकर होतं, बऱ्याच जणांचा गॅस दुसऱ्या दिवशीच पास होतो. पोट उघडून केलं असेल तर दोन ते तीन दिवस, संडासला तीन ते पाच दिवस लागू शकतात. आतडं फुटून पोटात पू झाला होता आणि घाईनं ऑपरेशन केलं, अशा पेशंटला याहून जास्त वेळ लागतो, तिथं शेजारच्या कॉटवरच्या पेशंटशी तुलना करून जिवाला घोर लावून घेऊ नका.

पहिली गोष्ट, दुखणं

दुखत असेल तर माणूस हलत नाही, खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. म्हणून दुखणं कमी ठेवणं आतड्यासाठीच गरजेचं आहे, सोसत बसू नका. पण गंमत बघा, दुखण्यावरची जी सगळ्यात जोरदार औषधं, मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, ती आतड्याची हालचालच कमी करतात. मग करायचं काय? पॅरासिटामॉलसारखं औषध ठरलेल्या वेळी नियमित घ्यायचं, दुखायची वाट बघायची नाही, आणि जड औषध जेवढं कमीत कमी भागेल तेवढंच. डॉक्टरांना सरळ विचारा, "हिला ट्रामाडॉल चालू आहे का, कमी करता येईल का?" कोणी रागावत नाही. पाठीतून एपिड्युरल नाहीतर पोटाच्या भिंतीत बधिर करायचं इंजेक्शन देता येतं, त्यानंही जड औषध कमी लागतं, हे ऑपरेशनच्या आधी विचारून ठेवायची गोष्ट आहे.

घरी सोडताना चिठ्ठीवर बऱ्याचदा ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी असते, ३७.५ आणि ३२५ मिलीग्रॅमची. तिच्यासोबत ताप आला म्हणून वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर डोस दुप्पट होतो. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळी मिळून ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जायला नको, आणि अंगानं बारीक असेल, लिव्हरचा त्रास असेल, दारूची सवय असेल तर त्याहून बरंच कमी, म्हणून गोळ्यांच्या पाकिटाच्या मागं काय लिहिलंय ते वाचा नाहीतर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

आणखी एक, उलटीसाठी देतात ते ऑन्डान्सेट्रॉनही संडास घट्ट करतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही. सिझरच्या बायकांना या दोन्ही लागलीच चालू होतात आणि मग आठवडाभर संडासला होत नाही म्हणून रडकुंडीला येतात. स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला, काही दिवस पुढं ढकलता येतात. लोहाच्या गोळीनं संडास काळी होते तेही ध्यानात ठेवा, नाहीतर रक्त पडतंय म्हणून घाबराल.

सलाइन

"डॉक्टर, अशक्तपणा आलाय, अजून एक सलाइन लावा की." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. सलाइन म्हणजे ताकद नाही, मीठ-पाणी आहे. गरजेपेक्षा जास्त गेलं की ते आतड्याच्या भिंतीत साठतं, भिंत सुजते आणि आतडं आणखी सुस्त होतं. पेशंट तोंडानं नीट प्यायला लागला की सलाइन जितक्या लवकर निघेल तितकं चांगलं, शिवाय हाताची नळी निघाली की चालायलाही मोकळं. उलट्या होत असतील, तोंडानं काही जात नसेल तर मात्र सलाइन लागतंच, तिथं हट्ट नको. रक्तातलं पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की आतडं सुस्त पडतं, मॅग्नेशियमचंही तसंच, म्हणून पोट फुगलेलं राहिलं तर डॉक्टर सारखं रक्त तपासायला पाठवतात. "किती वेळा रक्त काढता" म्हणून वाद घालू नका, त्याच तपासणीनं बऱ्याचदा कारण सापडतं.

उठवणं आणि चालवणं

खरं ते सांगते, नुसत्या चालण्यानं गॅस लवकर पास होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तरी मी प्रत्येक पेशंटला उठवतेच, कारण पायात रक्ताची गुठळी होणं, छातीत कफ साठून न्यूमोनिया होणं, अंगातली ताकद जाणं, हे सगळं लोळून राहिल्यानं वाढतं, आणि यातलं काही झालं की आतडंही मागं पडतं.

उठवायची पद्धत महत्त्वाची आहे, इथं घरचे फार घाई करतात. दोन्ही हात धरून सरळ वर ओढायचं नाही. आधी पेशंटनं गुडघे मोडायचे, खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हायचं, मग पाय कॉटच्या खाली सोडायचे आणि कोपरावर भार देऊन उठायचं. पोटाच्या स्नायूंवर ताण येत नाही. उशी पोटाशी धरायची. खोकताना, शिंकताना, हसतानासुद्धा तीच उशी दोन्ही हातांनी जखमेवर हलके दाबून धरायची. टाके तुटतील या भीतीनं लोक खोकतच नाहीत आणि छाती भरते, उशी धरून खोकलं तर टाक्याला काही होत नाही.

पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं नुसतं बसा. डोळ्यापुढं अंधारी आली तर परत आडवं व्हा, अर्ध्या तासानं परत बघा. ठीक वाटलं की उभं राहा, मग कॉटभोवती, मग संडासापर्यंत. शक्य असेल तर ऑपरेशनच्याच संध्याकाळी बसवायचं, दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चार-पाच वेळा थोडं थोडं चालायचं. एकदम एक मोठी फेरी मारून दिवसभर झोपण्यापेक्षा छोट्या छोट्या जास्त फेऱ्या बऱ्या. लघवीची नळी, ड्रेनची (पोटात साठलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) पिशवी कमरेच्या खाली धरून कोणीतरी सोबत चालायचं. कॉटवर असताना तासातासाला पायाचे पंजे वर-खाली हलवायचे, तीन बॉलचं ते श्वासाचं यंत्र दिलं असेल तर ते फुंकायचं नाही, आत ओढायचं. हे निम्मे लोक उलटं करतात.

पोटाचा पट्टा चालताना बांधला की आधार वाटतो, पण श्वास अडेल इतका आवळू नका.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर उजवा खांदा दुखतो आणि लोक म्हणतात गॅस वर चढला. तो आतड्यातला गॅस नसतो, ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळं छातीखालचा पडदा चुरचुरतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. त्याला गॅसची गोळी, ओवा, सोडा काही उपयोगाचं नाही, चालायचं आणि दुखण्याची गोळी घ्यायची. पण खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, दम लागणं असेल तर लगेच सिस्टरला बोलवा.

खाणं-पिणं, कधी आणि काय

पूर्वी गॅस पास होईपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचे नाहीत, आणि गावाकडं अजूनही तेच डोक्यात आहे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर उठवणं, लवकर खायला देणं, नळ्या लवकर काढणं, जड औषध कमी करणं हे सगळं एकत्र करून दाखवलं की पेशंट लवकर सावरतो, आणि आता जगभर बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. म्हणून डॉक्टरांनी काही तासांतच पाणी द्यायला सांगितलं तर "अजून गॅस नाही गेला की" म्हणून परस्पर पाणी तोडू नका. आणि उलट, डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर "एक घोट चहानं काय होतंय" हेही नको. कोणतं ऑपरेशन झालं, जोड कुठं आहे, हे त्यांना माहीत असतं.

परवानगी मिळाली की सुरुवात घोटाघोटानं. दोन-तीन चमचे पाणी, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मळमळ नसेल तर परत. मग शहाळं (किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं), तांदळाची पातळ पेज, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, पातळ ताक. हे राहिलं की मऊ भात-वरण, इडली, रव्याची खीर नको पण रव्याचा उपमा कमी तेलात चालतो, नाचणीची आंबील, अंड्याचा पांढरा भाग. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, अर्धी वाटी. पोट भरल्यासारखं वाटलं की थांबायचं, "एवढं संपव" म्हणून आग्रह करायचा नाही. बसून खायचं आणि खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही.

आता कोल्हापूरचं खास. डब्यातून पांढरा रस्सा येतो, "हलका असतोय, मटणाचं सूप आहे, ताकद येईल." हलका नसतोय. नारळाचं दूध, खसखस, काजू, वर तूप, मटणाची चरबी, हे सगळं सुस्त जठरात तासन्‌तास पडून राहतं आणि मळमळ होते. तांबड्याचं तर बोलायलाच नको. मिसळ, खर्डा, कांदा-लसूण चटणी हे सगळं किमान दोन-तीन आठवडे लांब, आणि आतड्याचा जोड असेल तर सर्जन हो म्हणेपर्यंत. ताकदीसाठी प्रोटीन लागतंच, जखम त्यानंच भरते, पण ते मुगाच्या डाळीतून, अंड्यातून, ताज्या पनीरमधून, नंतर कमी तेलात शिजवलेल्या चिकनमधून द्या. पित्ताशय काढलेल्यांनी तेलकट जरा जपूनच परत चालू करा, काहींना सुरुवातीला पातळ संडास होते, बहुतेकांची आपोआप थांबते.

दूध हा दुसरा मोठा विषय. घरात म्हैस, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, हे आपल्या रक्तात आहे आणि पेशंटला बघायला येणारा पेला भरूनच आणतो. ऑपरेशननंतर दूध बऱ्याच जणांना पचत नाही, गॅस होतो, पोट फुगतं. आणि कच्चं दूध तर अजिबात नको. चहात असतं तेवढं दूध बहुतेकांना चालतं. दूधच हवं असेल तर आठवडाभरानं उकळून, साय काढून, अर्धी वाटी देऊन बघा. तोपर्यंत ताक.

हरभरा, राजमा, वाटाणा, कोबी, फ्लॉवर, सोड्याची बाटली, केक-फरसाण थांबवा. भाकरीला घाई करू नका, घरात दहाव्या-बाराव्या दिवशी पापुद्र्याचा मऊ भाग वरणात कुस्करून चालेल, आतड्याचा जोड नसेल तर.

चघळणं आणि कॉफी

बिनसाखरेचं च्युइंगम दिवसातून तीनदा, दर वेळी पंधरा ते तीस मिनिटं चघळायचं. तोंड चघळतंय म्हटल्यावर मेंदूला वाटतं जेवण आलं, आणि तो पोटाला तसा निरोप पाठवतो. २००२ साली जपानमधल्या सर्जन लोकांनी यावर पहिल्यांदा लिहिलं, नंतर खूप ठिकाणी करून बघितलं. सिझरनंतर फायदा बऱ्यापैकी दिसतो. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये, जिथं आधीच लवकर खायला देतात, तिथं फार फरक पडत नाही, पण नुकसानही नाही. कवळी असेल, पेशंट गुंगीत असेल, गिळताना ठसका लागत असेल तर नको. जास्त चघळलं तर त्यातल्या गोडव्यानं गॅस होतो, म्हणून तीनदाच. बडीशेप चघळली तर चालेल का असं विचारतात, ती पोटात जाते आणि पहिल्या दिवसांत ते चोथ्याचं काम नको.

कॉफीवर जर्मनीत हायडेलबर्गला अभ्यास झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर दिवसातून तीनदा एकेक कप कॉफी दिली तर संडास साधारण ६० तासांनी झाली आणि पाणी दिलेल्यांना साधारण ७४ तास लागले. म्हणजे प्यायची परवानगी असेल आणि बीपी-धडधड-अॅसिडिटीचा त्रास नसेल तर सकाळी कपभर कोरी नाहीतर कमी दुधाची कॉफी चांगली.

आणि इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलायलाच हवी. आपल्याकडं कित्येक बायकांना सकाळी मिश्री लावल्याशिवाय आणि पुरुषांना तंबाखू मळल्याशिवाय होतच नाही. ते खोटं नाही, निकोटिनमुळं आतड्याला चालना मिळते आणि शरीराला त्याची सवय लागलेली असते. म्हणून हॉस्पिटलमध्ये आजी उशीखाली डबी ठेवतात. पण तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला उशीर होतो, आतड्याचा जोड सुटायचा धोका वाढतो. चोरून लावू देऊ नका आणि आजींना रागावूही नका, त्यांना त्रास खरंच होत असतो. ऑपरेशन ठरलेलं असेल तर जमेल तितक्या आधीपासून, महिनाभर आधीपासून तर उत्तमच, बंद करा, आणि डॉक्टरांना सांगा की सवय आहे, म्हणजे संडास साफ व्हायचं औषध ते आधीच चालू करतील. त्या वेळेला गरम पाणी, चहा-कॉफी, थोडं चालणं असं काहीतरी द्या.

संडासला बसणं

खाल्ल्यावर, विशेषतः सकाळच्या नाष्ट्यानंतर, मोठं आतडं आपोआप हलतं. त्याचा फायदा घ्या. कोमट काहीतरी प्या, थोडं खा, वीस-तीस मिनिटांनी संडासला जाऊन बसा, कळ आलेली नसली तरी. पाच-दहा मिनिटं, जास्त नाही. झालं नाही तर उठा, कुंथायचं नाही. मोबाईल घेऊन अर्धा तास बसायचं नाही. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट नाहीतर स्टूल घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि मार्ग सरळ होतो. गावाकडं भारतीय पद्धतीचं संडास असतं, पहिले दोन-तीन आठवडे उकिडवं बसणं-उठणं जड जातं, चक्कर येऊन पडायची भीती, तर वरून ठेवायची कमोड खुर्ची आणा, सर्जिकलच्या दुकानात भाड्यानंही मिळते. कडी आतून लावू देऊ नका.

पहिली संडास पातळ, काळपट, चिकट, थोडीशीच असू शकते. आतड्याचं ऑपरेशन असेल तर पहिल्या एक-दोन वेळा थोडं जुनं काळपट रक्तही येतं. ताजं लाल, गाठी पडलेलं नाहीतर परत परत येणारं रक्त मात्र लगेच सांगायचं.

संडास साफ व्हायची औषधं

इथं परस्पर काहीच नको. इसबगोल लोकांना सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, पण ते पाणी शोषून फुगतं, आतडं सुस्त असताना, पाणी कमी पीत असताना दिलं तर गोळाच होऊन बसतो. ते नंतर, खाणं-पिणं नीट सुरू झाल्यावर. सुरुवातीला डॉक्टर साधारण लॅक्टुलोजचं सिरप नाहीतर पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. लॅक्टुलोजला काम करायला एक ते दोन दिवस लागतात, म्हणून रात्री घेतलं आणि सकाळी झालं नाही म्हणून डबल डोस घेऊ नका, काहींना त्यानं गॅसही होतो. बिसाकोडिलची गोळी रात्री घेतली की सकाळपर्यंत काम करते. खालून ठेवायची गोळी किंवा एनिमा, आतड्याला खाली जोड असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय कधीच नाही. हे मी परत सांगते, कधीच नाही, गावातल्या ओळखीच्या कंपाउंडरनं दिला तरी नाही.

एरंडेल नको. बेंबीवर हिंगाचा लेप नको, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं एक छिद्र बहुतेकदा बेंबीतच असतं आणि तिथं लेप लावला की जखम चिघळते. पोट चोळायचं नाही. गरम पाण्याची पिशवी जखमेजवळ नको, तिथली कातडी काही काळ बधिर असते, भाजलेलं कळतच नाही.

घरी गेल्यावर

घरचा रस्ता लांब असेल, गगनबावड्याकडं नाहीतर चंदगडकडं, तर एसटीपेक्षा गाडी करा, पोट आणि सीटबेल्टमध्ये उशी ठेवा, तासाभरानं थांबून पाय मोकळे करा. निघायच्या आधी एकदा डॉक्टरांकडून लिहून घ्या, कोणती औषधं किती दिवस, काय खायचं, कुणाला फोन करायचा.

एक वही ठेवा. सकाळ-संध्याकाळ किती प्यालं, काय खाल्लं, वारा सरला का, संडास कशी झाली, उलटी, ताप, कोणती गोळी कधी. दोन ओळी पुरेत. फोनवर डॉक्टरांना हे वाचून दाखवलं की त्यांना पाच मिनिटांत अंदाज येतो.

पाणी दिवसभर थोडं थोडं, लघवी फिकट पिवळी राहील इतकं, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर ठरवून दिलंय तेवढंच. फळभाज्या हळूहळू, आधी दुधी, दोडका, लाल भोपळा, पपई, पिकलं केळं, मग पालेभाज्या. सुरुवातीला घरातल्या घरात, सोप्यात, अंगणात चाला, दोन-तीन आठवड्यांनी सपाट रस्त्यावर, रंकाळ्याला गेलात तर एका बाजूनं जाऊन परत, पूर्ण फेरीचा हट्ट नको. चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची घागर, दुधाची किटली, गॅसची टाकी, मांडीवर उड्या मारणारं नातवंड, काहीच नाही. जोतिबाच्या पायऱ्यांचा नवस असेल तर देव थांबतोय, सर्जनला विचारूनच जा.

आतड्याचं तोंड पोटावर काढून, म्हणजे स्टोमा करून, त्यावर पिशवी लावलेली असेल तर पिशवीत हवा भरणं हाच वारा सरणं. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर दिवसाला दीड लिटरच्या वर पातळ जायला लागलं की शरीरातलं मीठ-पाणी झपाट्यानं कमी होतं, नुसतं पाणी पीत राहू नका, ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी दाखवा.

कधी थांबायचं नाही

थोडं फुगणं, एखादी कळ, अर्धवट भूक, हे चालतं. पण हिरवी-पिवळी कडू उलटी परत परत होणं, पोट नगाऱ्यासारखं ताणून कडक होणं, वारा आधी सरत होता आणि आता एकदम बंद झाला, थांबून थांबून येणाऱ्या जोरदार कळा, यातलं काही असेल तर तोंडानं सगळं बंद करा आणि हॉस्पिटल गाठा. ताप १०० च्या वर, धडधड, थंडी वाजून येणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं, यालाही थांबू नका, आतड्याचा जोड असलेल्यांनी तर विशेषतः पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास डोळ्यात तेल घालून बघा, जोड सुटला तर त्याच सुमारास लक्षणं दिसतात आणि सुरुवात फक्त "आज जरा बरं वाटत नाही" इतकीच असू शकते. जखमेतून पू किंवा घाण वासाचं पाणी, एकाच पोटरीला सूज, अचानक दम, लघवी न होणं, हेही त्याच यादीत. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

हॉस्पिटलमध्ये चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत आतडं चालू झालं नाही तर नाकातून जठरापर्यंत नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, घालतात, एक्स-रे, सीटी करतात, पोटॅशियम बघतात. ट्यूब बघून घरचे रडायला लागतात, पण साठलेलं बाहेर निघालं की पेशंटला तासाभरातच हलकं वाटतं, आणि बहुतेकांचं आतडं दुसऱ्या ऑपरेशनशिवायच चालू होतं.

शेवटचं काम कागदाचं. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून मुलांनाही पाठवा. पोट उघडलेल्या माणसाची आतडी आत एकमेकांना चिकटू शकतात आणि त्यामुळं अडथळा कधीकधी कित्येक वर्षांनीही येतो. असं अचानक पोट फुगून उलट्या चालू झाल्या तर गॅसची गोळी घेऊन रात्र काढू नका, ती फाइल घेऊन जा आणि आत शिरताच सांगा की आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे.